टाकळीच्या डब्यातला समुद्री शिंपला

नागपुरात दगड गोळा करणारी माणसं आहेत असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे राशीचे खडे का?" नाही हो, राशीचे नाही, साधे दगड. अकीक, झिओलाइट, जुनी लाकडं जी दगड झाली, गोगलगायी ज्या दगड झाल्या. आम्ही मोजकेच लोक आहोत, कोणी बँकेत, कोणी शाळेत, मी स्वतः अकाउंट्समध्ये, म्हणजे आठवडाभर जीएसटीचे आकडे पाहायचे आणि रविवारी बॅगेत हातोडी टाकून निघायचं. घरी कोणाला फारसं पटत नाही पण आता सवय झाली सगळ्यांना. आईचं म्हणणं एकच, दगड आणायचे तर आण पण पलंगाखाली ठेवू नको.

तर आमच्या या छोट्याशा गोतावळ्यात सगळ्यात जुने म्हणजे आमच्या लेनमधले काका. रिटायर्ड मास्तर, भूगोल शिकवायचे, आणि त्यांच्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांमधे जे काय आहे ते पाहून चांगल्या म्युझियमवाल्यालाही हेवा वाटेल. प्रॉब्लेम एकच. लेबल नाही. म्हणजे डब्यावर खडूनं लिहिलंय "टाकळी", "मोहगाव", "उमरेड", आणि आत सगळा माल एकत्र. काका म्हणतात मला आठवते ना सगळं, लिहायची काय गरज. आणि खरंच आठवतं त्यांना, नव्वद टक्के वेळा तरी. ही पोस्ट उरलेल्या दहा टक्क्यांची आहे.

"टाकळी" लिहिलेल्या डब्यात मला एक शिंपला सापडला. स्कॅलप. पंख्यासारखा उघडणारा तो शिंपला, पेट्रोलच्या एका कंपनीच्या बोर्डावर असतो ना, तो. आता बाहेरच्या माणसाला यात काय विशेष असं वाटेल, पण ज्याला टाकळी म्हणजे काय हे माहीत आहे त्याची तिथेच चहाची बशी हलेल.

टाकळीचं थोडं सांगते, कारण नागपूरच्या कित्येक लोकांनाच माहीत नाही. आपण ज्या काळ्या दगडावर राहतो तो दख्खनचा बसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. हा लाव्हा एका दिवसात नाही आला, एक थर आला, मग मधे बराच काळ शांतता, त्यात तळी झाली, झाडं वाढली, गोगलगायी झाल्या, आणि मग वरून पुढचा लाव्हा. ती मधल्या काळातली तळ्याची माती दोन लाव्ह्यांच्या मधे दबून राहिली, तिला इंटरट्रॅपियन म्हणतात. आणि हे जगाला ज्या जागांवरून नीट कळलं त्यातली एक आपली नागपूरची. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते स्टीफन हिस्लॉप, मिशनरी होते, १८४४-४५ च्या सुमाराला इथे आले, आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर, या दोघांनी टाकळी आणि सीताबर्डीच्या टेकडीचे थर पाहून, जीवाश्म गोळा करून १८५५ मधे लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या जर्नलमधे नागपूरच्या आसपासच्या भूगर्भावर पेपर छापला. दोघांचं मूळ काम धर्मप्रचाराचं, दगड हा छंद. म्हणजे हौशी लोकच, आमच्यासारखे. हिस्लॉप १८६३ मधे टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परत येताना ओढ्याच्या पुरात बुडून गेले. आज त्या कॉलेजसमोरून रोज जाणाऱ्या किती पोरांना हे माहीत असेल देव जाणे.

तर टाकळीच्या या थरात काय मिळतं? फायसा नावाची गोगलगाय, ही ओळखायला एकदम सोपी कारण टोक वर धरलं तर तिचं तोंड डावीकडे उघडतं, बहुतेक गोगलगायींचं उजवीकडे असतं. मग पॅलुडिना, लिम्निया, माशांचे तुकडे, झाडांचं बी-बिजवार. सगळं गोड्या पाण्यातलं. आणि स्कॅलपचं कुळ, पेक्टिनिडी, ते पूर्ण समुद्रातलं. या कुळातला एकही मेंबर गोड्या पाण्यात राहत नाही, आजही नाही. म्हणजे हा शिंपला खरंच टाकळीचा असेल तर टाकळीत समुद्र होता, आणि टाकळीत समुद्र असेल तर पावणेदोनशे वर्षांचं लिखाण परत लिहावं लागेल. किंवा मग डबा चुकलाय.

मी काकांना विचारलं. काका म्हणाले, "टाकळीचाच आहे. मी स्वतः ठेवला त्यात."

"ठेवला तुम्ही, पण उचलला कुठून?"

"अगं, त्याच डब्यात आहे ना? मग! मी काय खोटं बोलून राहिलो का?"

या वादात माणूस जिंकत नसतो. मी शिंपला मागून घेतला, काकूंनी तो एका जुन्या रुमालात बांधून दिला, वर चिवडा दिला, आणि मी घरी आले.

आता शिंपला नीट पाहू. उंची जेमतेम साडेतीन सेंटीमीटर, रुंदी थोडी कमी. एकच झडप आहे, दुसरी नाही. रंग मळकट पिवळा, एका बाजूला थोडी गुलाबी झाक. बाहेरून चांगलाच फुगीर, वरचं टोक आतल्या बाजूला वळलेलं. टोकापासून खालच्या कडेपर्यंत उभे उठाव, म्हणजे बरगड्या, आणि त्यांना आडव्या कापणाऱ्या बारीक वाढीच्या रेषा, भिंगाखाली त्या इतक्या दाट दिसतात की बोट फिरवलं तर कानस लागल्यासारखं वाटतं. टोकाच्या दोन्ही बाजूंना दोन त्रिकोणी पाळ्या, त्यांना कान म्हणतात. एक कान अर्धा तुटलाय, दुसरा बऱ्यापैकी शाबूत. आणि आतली वाटी पूर्ण दगडानं भरलेली, घट्ट, त्यामुळे आतून काहीच पाहता येत नाही. आतून पाहता आलं असतं तर स्नायूचा एकच मोठा डाग दिसायला पाहिजे होता, कारण स्कॅलपला शिंपला बंद करायला एकच जाडजूड स्नायू असतो. तोच हॉटेलात बटरमधे भाजून देतात, नागपुरात कोण खातं माहीत नाही.

ओळखताना पहिला गोंधळ होतो तो ब्रॅकिओपॉडसोबत, म्हणजे दोन झडपांचाच पण शिंपल्यांच्या नात्यातला नसलेला समुद्री जीव. दोघांनाही बरगड्या, दोघेही पंख्यासारखे, आणि मार्केटमधे जे "फॉसिल शेल" म्हणून विकून राहिले त्यातले अर्धे ब्रॅकिओपॉडच असतात. साधारण नियम असा सांगतात की एका झडपेच्या मधोमध रेघ मारली आणि दोन्ही अर्धे एकसारखे आले तर ब्रॅकिओपॉड, नाही आले तर शिंपला. पण हा नियम नेमका स्कॅलपपाशीच घोळ घालतो, कारण स्कॅलप पण जवळजवळ सारखाच असतो दोन्हीकडून. इथे कान कामाला येतात. ब्रॅकिओपॉडच्या चोचीला बहुतेक वेळा एक छोटं भोक असतं ज्यातून त्याचा देठ बाहेर यायचा, स्कॅलपला भोक नसतं, कान असतात, आणि दोन कान सहसा एकसारखे नसतात. उजव्या झडपेच्या पुढच्या कानाखाली एक खाच असते, तिच्यातून तो लहानपणी धागे काढून खडकाला चिकटतो. माझ्याकडच्या शिंपल्याचा जो कान शाबूत आहे त्याखाली हलकीशी खाच आहे. शिंपला टोक वर करून, बाहेरची बाजू माझ्याकडे धरली तर ती खाच उजव्या हाताला येते. म्हणजे उजवी झडप.

त्यामुळे कान सांभाळा लोकहो! जीवाश्मांमधे सगळ्यात आधी तेच तुटतात, कारण ते पातळ असतात, आणि कान गेले की मग स्कॅलप, लायमा, कार्डिटा, काहीही म्हणा, कोणी अडवत नाही. लायमा तिरका असतो आणि कान बारके, कार्डिटाला कानच नाही, स्पॉन्डिलसला वरून काटे. बसल्या बसल्या ही तीन नावं तरी बाद झाली. स्कॅलप नक्की.

पण कोणता आणि कुठला? इथे खरी मजा आहे.

दरम्यान काकांनी पेपरचं जुनं कात्रण शोधून काढलं. छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिली नावाच्या गावाजवळ इंटरट्रॅपियनमधे समुद्री जीव सापडले अशी बातमी. फोनवर एकदम विजयी आवाज, "पाहा, छिंदवाड्याला समुद्र येऊ शकते तर टाकळीला काऊन नाही?" आणि मुद्दा खोटा नाहीये. २००९ मधे गेर्टा केलर आणि भारतीय शास्त्रज्ञांनी मिळून हे छापलंय, झिलमिलीला तरंगत्या फोरॅमिनिफेराचे, म्हणजे कवचवाल्या एकपेशी समुद्री जीवांचे, नमुने मिळाले, डायनोसॉर संपल्यानंतर लगेचच्या काळातले, आणि त्यावरून समुद्राचा एखादा फाटा तेव्हा आत आला असावा असा त्यांचा अंदाज. पण ते जीव वाळूच्या कणाएवढे, मायक्रोस्कोपखाली पाहायचे, आणि तिथेही त्या पातळ थराच्या खाली-वर तळ्याच्याच गोष्टी. त्यावरून दोन बोटांचा स्कॅलप टाकळीच्या गोड्या तळ्यात उतरत नाही. मी एवढंच म्हटलं की काका, आपण शिंपल्यालाच विचारू.

शिंपल्याला विचारायचं म्हणजे त्याच्या पोटातल्या दगडाला विचारायचं. आणि इथे मला जरा ओरडून सांगायचंय. धुवू नका! जीवाश्म सापडला की लोक आधी टूथब्रश घेऊन बसतात, कोणी व्हिनेगरमधे बुडवतं, कोणी बाथरूम धुवायचं ॲसिड लावतं, आणि मग चकचकीत शिंपला शोकेसमधे. पार वाट लागते. कारण शिंपला तुम्हाला फार तर तो कोण आहे ते सांगेल, तो कुठला आहे हे त्याला चिकटलेला दगडच सांगतो, आणि तोच तुम्ही बेसिनमधे सोडून दिलेला असतो. काकांच्या डब्यातले बाकीचे निम्मे नमुने काकूंनी एका दिवाळीत निरम्यात भिजवून लख्ख केलेत. हा वाचला कारण आतला दगड निघतच नव्हता.

मी काय केलं, सुईनं आतल्या दगडाचे दोन-तीन बारीक कण काढले, बशीत ठेवले आणि वर व्हिनेगरचा थेंब टाकला. कण काढून वेगळे ठेवायचे, शिंपल्यावर थेंब टाकायचा नाही, कारण शिंपला स्वतःच कॅल्साइटचा असतो, तो फसफसणारच, त्यातून काही कळत नाही आणि वरून नमुना खराब. कण चांगलेच फसफसले आणि मागे फार थोडा गाळ उरला. म्हणजे चुनखडी, त्यातल्या त्यात बरीच शुद्ध. मग काकांच्या त्याच डब्यातल्या एका फायसाला चिकटलेल्या दगडाचा कण घेतला, तो करडा, चर्टी म्हणजे गारेसारखा, काचेवर ओरखडा काढेल असा टणक. थेंब टाकला, ढिम्म. दोन दगड एका डब्यात होते पण एका थरातले नव्हते, एवढं तिथेच कळलं.

मग दहा पटीचं भिंग आणि मोबाइलचा मॅक्रो. आतल्या दगडाची मोडलेली बाजू ओली करून उन्हात धरली. ओली केली की दगड जास्त बोलतो, हे शेतातल्या ढेकळालाही लागू आहे. आणि त्यात दिसलं की सगळा दगडच मुळी तुकड्यांचा बनलाय, पांढुरक्या बारीक काड्या, शेवया मोडून पसरल्यासारख्या, आणि प्रत्येक काडीवर ओळीनं सुईच्या टोकाएवढी भोकं. पहिल्यांदा पोवळं वाटतं. पण पोवळ्याच्या कपात आत उभे पडदे असतात, इथे साधी गोल भोकं, एकाला एक लागून. ब्रायोझोआ. एकेका भोकात एकेक जीव राहायचा, अशी वस्ती. गोड्या पाण्यातही ब्रायोझोआ असतात बरं का, पण त्यांचा चुन्याचा सांगाडा नसतो, मऊ असतात, मागे अशा काड्या उरत नाहीत. म्हणजे समुद्राचा दुसरा साक्षीदार, आणि तोही त्याच दगडात बसलेला. टाकळी गेली.

मग कुठला? भारतात स्कॅलपचे जीवाश्म मिळायच्या जागा आहेत भरपूर, पण नागपूरचा माणूस जिथे जाईल अशा मोजक्या. सगळ्यात जवळचं नाव पटकन कोणाला सुचणार नाही, छत्तीसगडचं मनेंद्रगड. हसदेव नदीच्या काठी, पर्मियन काळातला समुद्री थर, जवळपास २८ कोटी वर्षं जुना, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केलंय. तिथे युरिडेस्मा आणि अविक्युलोपेक्टन हे शिंपले मिळतात. अविक्युलोपेक्टन म्हणजे स्कॅलपच्या खूप जुन्या भाऊबंदांपैकी. एक क्षण मला वाटलंच, हे असेल, कारण काका कोळशाच्या पट्ट्यात फिरलेले आहेत. पण तो चपटा, बरगड्या बारीक, आणि दगड करडा-काळपट. आपला फुगीर आणि पिवळा. नाही जमत.

दुसरं कच्छ. तिथे मायोसीनच्या थरात, म्हणजे दोन कोटी वर्षांच्या आसपास, स्कॅलप आणि ऑयस्टर ओढ्याकाठी पडलेले असतात, टुरिटेला नावाच्या लांबट मळसूत्री शंखांसोबत. कच्छला रणोत्सवाला जाऊन आलेल्या अर्ध्या नागपूरकडे असा एखादा शिंपला असेल. तिसरं जैसलमेर, तिथली पिवळी फरशी आता आपल्याकडे बिल्डिंगच्या लॉबीत पण लागते, नीट पाहिलं तर तीत शिंपल्यांचे काप दिसतात, ज्युरासिक काळातले. लिफ्टची वाट पाहताना खाली पाहत जा, फुकटचं म्युझियम आहे. पण फरशीतला शिंपला फरशीतच राहतो, असा सुटा हातात येत नाही. चौथं तामिळनाडूचं अरियलूर. आणि पाचवं नर्मदेच्या खोऱ्यातलं बाग, धार जिल्हा, मध्य प्रदेश.

इथे बरगड्यांनी निकाल लावला. आतापर्यंत मी त्या नुसत्या "बरगड्या" म्हणून पाहत होते, सगळ्या सारख्या धरून. मग तिरप्या उन्हात शिंपला धरून फिरवला तर सावल्या पडल्या आणि दिसलं की सगळ्या सारख्या नाहीतच. सहा बरगड्या ठळक, उंच, आणि दर दोनच्या मधे बारक्या बरगड्यांचा एक गट. म्हणजे एक मोठी, मग लहान लहान, मग परत एक मोठी. खालची कडही त्यामुळे गोल नाही, जिथे मोठी बरगडी येऊन टेकते तिथे कोपरा निघालाय. सहा कोपरे. तुटका कानसुद्धा आता मनावर घ्यायची गरज राहिली नाही.

या रचनेचं नाव नीथिया. क्रिटेशियस काळातला स्कॅलप. उजवी झडप अशी फुगीर वाटी आणि डावी झडप सपाट झाकण, वाटी खाली टेकवून समुद्राच्या तळावर पडून राहायचा. आजचा पेक्टन पण असाच असतो, एक वाटी एक झाकण, म्हणून जुन्या पुस्तकांत नीथियाला पेक्टनच म्हटलेलं सापडतं. पण आजच्या पेक्टनच्या बरगड्या साधारण एकाच मापाच्या असतात, ही मोठी-लहान-लहान-मोठी भानगड नसते. दिसणं सारखं, नातं लांबचं. आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे नीथिया क्रिटेशियसच्या शेवटी संपला. डायनोसॉर गेले त्याच सुमाराला हाही गेला. म्हणजे कच्छचा मायोसीन आपोआप बाद, तेव्हा नीथिया नव्हताच. मनेंद्रगड तर त्याच्या कितीतरी आधीचं.

पण मीच म्हणते म्हणून काय झालं, म्हणून ओळखीच्या एका सरांना दाखवला, आयुष्यभर जिऑलॉजी शिकवलेला माणूस. मला वाटलं सर बरगड्या मोजतील, कान पाहतील, कॅलिपर काढतील. सरांनी शिंपला हातात घेतला, बाहेरून पाहिलाच नाही, सरळ उलटा केला, चष्मा कपाळावर चढवून आतला दगड डोळ्याशी नेला आणि म्हणाले, "कोरलाइन." मग पलटवला, "हं, नीथिया. बाग." एवढंच. मी जे केलं त्याला मला आठवडे लागले होते.

कोरलाइन म्हणजे कोरलाइन लाइमस्टोन, बाग बेड्समधला वरचा थर. नाव पोवळ्याचं पण खडक मुख्यतः ब्रायोझोआचा, नाव पडलं तेव्हा त्या काड्या पोवळं वाटल्या होत्या आणि मग कोणी बदललं नाही. पिवळसर-गुलाबी रंगाचा असतो. त्याच्या खाली गाठी-गाठींची चुनखडी आणि सगळ्यात खाली निमाडचा वाळूखडक. साधारण ९ कोटी वर्षांपूर्वी समुद्र पश्चिमेकडून नर्मदेच्या खोऱ्यातून आत घुसला होता, चांगला आत, धार जिल्ह्यापर्यंत, आणि काही काळ राहून परत गेला. त्यानंतर कितीतरी काळानं आपला लाव्हा आला. तिथे समुद्री साळिंदर म्हणतात ते एकायनॉइड, अमोनाइट, ऑयस्टर, सगळं मिळतं. या शिंपल्यांवर आपल्या मराठी माणसांनी भरपूर काम केलंय, पुण्याच्या आघारकर संस्थेतले चिपळूणकर आणि बडवे यांचे १९७० च्या दशकातले पेपर अजूनही लोक काढून पाहतात. आणि हो, बागला आता डायनोसॉर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे आत जाऊन काही उचलायचं नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाही तर उद्या कोणी हातोडी घेऊन निघायचं.

एक छोटी गोष्ट अजून, जी मला फार आवडली. त्या चुनखडीत बऱ्याच शिंपल्यांचं मूळ कवच विरघळून गेलेलं असतं, नुसता आतला साचा उरतो, कारण त्यांचं कवच अॅरागोनाइटचं. स्कॅलप आणि ऑयस्टर यांचं कवच मुख्यतः कॅल्साइटचं, ते टिकतं. म्हणून तिथे खरोखरचं कवच हातात येतं ते सहसा याच मंडळींचं. काकांच्या शिंपल्यावर त्या बारीक वाढीच्या रेषा अजून बोटाला लागतात त्या यामुळे.

राहिला प्रश्न अरियलूरचा, कारण नीथिया तिकडेही मिळतो. दगड बागसारखा आहे हे सर म्हणाले, मलाही पटलं, पण दगडावरून शंभर टक्के कोणी सांगू नये. तेव्हा पुरावा माणसांत शोधायचा. मी काकांकडे गेले आणि यावेळी शिंपल्याबद्दल काहीच विचारलं नाही. फक्त विचारलं, काका, तुम्ही कधी धार-मनावरकडे गेला होता का?

काका म्हणाले, "नाही बा."

आतून काकूंचा आवाज, "नाही कसं? तुमचे साडू मनावरला होते ना बँकेत! उन्हाळ्यात गेलो नव्हतो का आपण, मांडू पाहिलं, मग बागच्या लेण्या पाहिल्या, आणि येताना तुम्ही माझ्या पर्समधे गोटे भरले. पर्सचा बंद तुटला होता माझा."

काका थोडा वेळ पंख्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ते तर चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचं झालं." आणि मग त्यांना सगळंच आठवलं. जीप, ओढा, पोरांनी गोळा करून दिलेले "पंखे", साडूंनी केलेली थट्टा. पर्समधले बाकीचे गोटे कुठे गेले ते मात्र कोणालाच आठवेना. घर बदललं तेव्हा डबे एकमेकांत रिकामे केले असणार, त्यात हा टाकळीत येऊन पडला असावा. तरी काका शेवटी म्हणालेच, "पण टाकळीत समुद्र नव्हताच असं छातीठोक कोणी सांगू शकत नाही." बरं काका.

आता लेबल लिहायचं. इथे आमचं परत वाजलं, कारण काकांना पूर्ण नाव पाहिजे, जात-प्रजात सगळं. नीथियाच्या प्रजाती ओळखायला एक ढोबळ खूण म्हणजे दोन मोठ्या बरगड्यांच्या मधे लहान किती. तीन असतील तर क्वाड्रिकोस्टाटाच्या बाजूला, चार असतील तर क्विन्क्वेकोस्टाटाच्या. सोपं वाटतं ना? काकांनी स्वतः भिंग घेऊन मोजलं. मधल्या खोबणीत तीन आल्या. तिच्या शेजारच्या खोबणीत चार. परत मोजलं. आता त्या शेजारच्या खोबणीत साडेतीन, कारण चौथी जी आहे ती मोठ्या बरगडीच्या अंगावरच चढलेली, तिला लहान बरगडी म्हणायचं की मोठीचाच भाग, हे मोजणाऱ्याच्या मूडवर. त्यात शिंपला एका बाजूनं झिजलेला. आणि बागच्या थरातून या दोन्हींपेक्षा वेगळ्या नावाची नीथियाही नोंदलेली आहे. तेव्हा मी म्हटलं की आपण नीथियापाशीच थांबू. पुढचं नाव लावायला याच दगडातले अजून चार-पाच बरे नमुने पाहिजेत, जमलं तर एखादी सपाट डावी झडप, आणि आतली सांध्याची बाजू उघडी झालेली. आतला दगड काढून सांधा पाहता येईल, सर म्हणाले सुईनं हळूहळू होईल. मी नाही म्हटलं. सांध्यासाठी दुसरा शोधू, याचा दगड राहू दे.

शेवटी लेबल असं झालं: नीथिया, प्रजात अनिश्चित, उजवी झडप. कोरलाइन लाइमस्टोन, बाग बेड्स, बहुधा बाग-मनावर परिसर, जि. धार, म. प्र. उचलला अंदाजे १९८४-८५. पुरावा: आतला दगड, आणि काकूंची आठवण. काकांनी "काकूंची आठवण" खोडायला सांगितलं, शास्त्रात असं चालत नाही म्हणे. काकूंनी खोडू दिलं नाही. डिसेंबरमधे उन्हं उतरली की तिकडे एक चक्कर मारायचं ठरतंय, उद्यानाच्या बाहेरचे रस्त्याकडेचे कट नुसते पाहायला, आणि काकूंची अट आहे की यावेळी पर्स त्यांची नसेल.